समोरच्या काचेची चीर

मी देवाचं सगळं करतो, पण देवावर काही सोडत नाही, असं आमची ही लग्न झाल्यापासून म्हणत आली. मी ते हसण्यावारी न्यायचो. दर चतुर्थीला उपास, केळझरच्या गणपतीचं दर्शन, घरी रोज अथर्वशीर्ष. एवढं करणाऱ्या माणसाला बायकोनं श्रद्धा शिकवावी म्हणजे काय! मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. शाळेची घंटासुद्धा माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे वाजायची. तीच खोड घरात आली. तिच्या गोळ्या मी काढून देणार, तिनं पाणी किती प्यायचं ते मी ठरवणार, आणि गाडी तर दुसऱ्या कुणाच्या हाती देणारच नाही. मुलगा पुण्याहून आला तरी किल्ली माझ्याच खिशात. आपला हात जगन्नाथ, हे माझं आवडतं वाक्य होतं.

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्याला आता चौथं वर्ष लागलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. आम्ही केळझरच्या पलीकडे एका खेड्यात राहतो आणि हॉस्पिटल वर्ध्याला, म्हणजे जाताना तास, येताना तास. एकही खाडा करू नका, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शरीरातलं पाणी बाहेर पडायला दुसरी वाटच नाही, ते साचत जातं आणि शेवटी छातीत चढतं, हे त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. मास्तराला समजावताना माणसं चित्र काढतातच. मला समजलंही होतं. तरी त्या वैशाखात आंजीला माझ्या भाच्याचं लग्न शनिवारी आलं आणि मीच म्हटलं की एका खाड्यानं काही होत नाही, मंगळवारी करू. लग्नात आमरस होता, ऊन आग ओकत होतं, आणि तिनं त्या दिवशी चार घोट पाणी जास्त प्यायलं असेल तर तिला दोष कोण देणार?

आता गाडीचं सांगतो. त्याच्या दोन महिने आधी नागपूर रोडवर गिट्टीनं भरलेल्या टिप्परमागे असताना एक खडा उडून समोरच्या काचेवर बसला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा टवका पडला. सर्व्हिसिंगवाला म्हणाला, गुरुजी, यात गोंदासारखं औषध भरतात, उन्हात ते वाळून घट्ट होतं, अर्ध्या तासाचं काम आहे, करून घ्या, नाहीतर एक दिवस चीर धावेल. मी मान हलवली आणि घरी येऊन त्या टवक्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं. विघ्नहर्ता आहे तो, सांभाळेल. ही म्हणाली, ‘अवो, देवाले पंक्चर काढाले बसवलं का जी?’ मी तिच्यावर डाफरलो. आज आठवलं की लाज वाटते. मला आळस होता आणि त्या आळसाला मी भक्तीचं नाव दिलं होतं.

तो मंगळवार नेमका अंगारकीचा. सकाळपासून तिला थोडा दम लागत होता. मी म्हटलं, उकाडा आहे, सगळ्यांनाच लागतो. डायलिसिसची वेळ बाराची. दहाला निघालो तर वाटेत केळझरचं दर्शन सहज होईल, असा माझा हिशेब. अंगारकी चुकवायची नाही हा माझा नेम, आणि तिचं डायलिसिस मात्र मी चुकू दिलं होतं, ही विसंगती माझ्या डोक्यात आलीच नाही. रांग वाढत गेली. ती गाडीत बसून राहिली. गाडी मी सावलीत उभी केलेली नव्हती, कारण सावलीच्या जागा आधीच भरल्या होत्या. काचा थोड्या उघड्या ठेवल्या आणि ‘आलोच’ म्हणून गेलो तो तासानं परतलो.

आमच्याकडे मोठ्या चतुर्थीला गाडीवर तीर्थ शिंपडतात, हार घालतात. मी घाईत होतो आणि मनात अपराधीपण होतं. उशीर केला, आता देवालाच राजी करून घ्यावं, अशा काही विचारानं मी तिथल्या माठातलं गार पाणी तांब्याभर घेतलं, त्यात तीर्थ मिसळलं आणि सगळं समोरच्या काचेवर ओतलं. ऊन इतकं होतं की काचेला हात लावला असता तर पोळला असता. टच्च असा आवाज आला. स्टिकरच्या खालून एक बारीक रेघ निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत वीतभर वर गेली. मी मोठ्यानं ‘मोरया’ म्हटलं. आत बसलेल्या हिनं फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती धापा टाकत होती, हे मी पाहिलं आणि तरीही पाहिलं नाही.

पुढचा रस्ता मी कसा कापला ते देव जाणे. काचेला थंड लागलं की चीर पळते, एवढं आता कळलं होतं, म्हणून मी एसी बंद केला. खिडक्या उघडल्या तर भट्टीसारखा वारा आत यायला लागला. प्रत्येक खड्ड्याला ती रेघ बोटभर सरकायची. मी ताशी वीसवर आलो. मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालून पुढे जायचे. मी डोळ्यांत प्राण आणून त्या रेघेकडे बघत होतो आणि तोंडानं एकच, देवा, ही रेघ थांबव, ही रेघ थांबव. शेजारून ही एकदा म्हणाली की गुदमरून राह्यलं. मी म्हटलं, जरा सहन कर, काच फुटली तर दोघंही मरू. सेलूच्या अलीकडे ती रेघ वळून थेट माझ्या डोळ्यांसमोर आली, तिच्यावर ऊन चमकलं आणि मला पुढचा रस्ताच दिसेना. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. पावणेबारा वाजले होते.

मुलाला फोन लावला, तो उचलेना. रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला लावला तर पोचायला वेळ लागेल म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला काय करावं ते सुचत नव्हतं. आजवर केलेली सगळी पारायणं, सगळे उपास मी त्या रस्त्याच्या कडेला उभं राहून देवापुढे मांडले आणि खरं सांगतो, मला त्याचा राग आला. मी म्हटलं, तुझ्या दारातून निघालो आणि तू हे केलंस?

तेवढ्यात एक जुनी पांढरी व्हॅन पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. पन्नाशीचा, काळासावळा, उंच माणूस उतरला. व्हॅनमध्ये गाड्यांच्या काचा गोधड्यांत गुंडाळून उभ्या केलेल्या होत्या. सेलूत गाड्यांच्या काचा बसवण्याचं त्याचं दुकान. आडनाव मडावी, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की काचेचा माणूस आला. देवानं ऐकलं! मी धावत गेलो, त्याला हाताला धरून गाडीपाशी आणलं आणि म्हटलं, भाऊ, काहीही कर, पण ही चीर थांबव, आम्हाला वर्ध्याला पोचायचं आहे.

त्यानं फडकं काढलं, काच पुसली, वाकून चीर कुठवर गेली ते पाहायला डोळा काचेला लावला. मग तो तसाच थबकला. तो चिरेकडे पाहत नव्हता, काचेतून आत पाहत होता. फडकं खांद्यावर टाकून तो म्हणाला, ‘काकाजी, काचेचं राहू द्या. काकूकडं पाहा. ओठ निळे पडून राह्यले त्यायचे.’

मी पाहिलं. सकाळपासून तिच्यासोबत असून मी तिला पहिल्यांदा पाहिलं. मान टेकलेली, डोळे अर्धवट, आणि श्वास असा की मासा पाण्याबाहेर काढावा. मडावीनं विचारलं, डायलिसिस आहे का. डायलिसिसच्या सुया टोचतात ती तिच्या हातावरची नस फुगलेली असते, ती त्यानं ओळखली. त्याच्या मोठ्या बहिणीला हाच आजार होता, तिला त्यानं तीन वर्षं नेलं-आणलं होतं. मी चीर चीर करत राहिलो तेव्हा तो थोडा कडक आवाजात बोलला, मी शाळेत पोरांशी बोलायचो तसा. ही काच अशी पडत नाही, म्हणाला, दोन काचांच्या मधात प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तडकली तरी तिथंच धरून राहते. मग त्यानं हात पुढे केला.

‘किल्ली द्या. तुमच्यानं नाई होत आता. मागं बसा, काकूले सरळ बसवून धरा, आडवं पडू देऊ नका.’

ती किल्ली मी पोटच्या पोराला दिली नव्हती. नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाच्या हातावर मी ती ठेवली. त्यात मोठेपणा काही नाही. माझ्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं. शरणागती म्हणजे हात जोडून, डोळे मिटून करायची सुंदर गोष्ट, असं मी समजत होतो. प्रत्यक्षात ती अशी आली, घामेजलेल्या मुठीतून किल्ली सुटताना. मडावीनं आपली काचांनी भरलेली व्हॅन तिथंच रस्त्यावर सोडली. आम्ही दोघांनी हिला मागे आणलं, मी तिला छातीशी टेकवून सरळ बसवून धरलं. त्यानं गाडी चालू केली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर एसी पूर्ण सोडला.

मी ओरडलो, काच जाईल! तो मागे न वळता म्हणाला, ‘जाऊ द्या जी. माणूस राह्यला पाह्यजे.’

आणि गेली. सेलू ओलांडायच्या आत टच्च, टच्च करत ती चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. जिच्यासाठी मी वाटभर देवाला वेठीला धरलं होतं ती एक क्षणही थांबली नाही. मडावी मान खाली घालून चिरेखालच्या पट्टीतून रस्ता बघत गाडी हाणत होता, एक हात सतत हॉर्नवर. मी त्यानंतर पुढे पाहिलं नाही. मी हिचा श्वास मोजत होतो. गार वारा लागल्यावर तिनं डोळे उघडले, माझा शर्ट मुठीत धरला. मी तिच्या कानात म्हटलं, माझं चुकलं गं. चाळीस वर्षांत हे मी तिला पहिल्यांदा म्हटलं. ऐकू गेलं की नाही कोण जाणे. देवाचं नावसुद्धा मला आठवत नव्हतं, आणि तरी इतकी कळवळून प्रार्थना मी कधी केली नसेल.

हॉस्पिटलच्या दारात लोकांनी तिला उचलून आत नेलं. ऑक्सिजन लावला, मशीन लावलं. दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. छातीत पाणी भरलं होतं, म्हणाले, आता उतरतंय; बसवून आणलं हे बरं केलं आणि आणखी अर्धा तास रस्त्यावर गेला असता तर मला काही सांगता आलं नसतं. मी भिंतीला टेकलो आणि लहान पोरासारखा रडलो. रडून झाल्यावर मडावी आठवला. बाहेर पळालो तर गाडी सावलीत लावलेली, किल्ली पहारेकऱ्याजवळ, आणि तो एसटीनं सेलूला परत गेलेला. त्याची व्हॅन उन्हात उघड्यावर होती.

ती घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्याचं दुकान शोधून काढलं. त्यानं जुनी काच तारेनं कापून काढली, चौकट खरवडून साफ केली, काळा गोंद ओढला आणि नवी काच दोन्ही हातांनी अलगद बसवली. झाल्यावर मी विचारलं की त्या दिवशी तुम्ही का थांबलात, कुणी सुचवलं? माझ्या मनात काय होतं ते त्याला कळलं असावं. तो हसला. ‘खोटं काऊन बोलू काकाजी, तडकलेली काच दिसली म्हणून थांबलो. म्हटलं गिऱ्हाईक हाय.’

मी त्यावर खूप विचार केला. त्याच्या थांबण्यात मला चमत्कार शोधायचा होता आणि त्यानं तो माझ्या हातून काढून घेतला. पण मी मागितलं होतं ते मिळालं असतं, म्हणजे ती चीर खरोखर थांबली असती, तर मी कोरड्या मनानं ताशी वीसनं वर्ध्याला गेलो असतो आणि माझ्या शेजारी माझी बायको गेली असती. फुटलेल्या काचेमुळे तो थांबला. यापुढे देवाकडे काय मागावं हे ठरवण्याची माझी हिंमत होत नाही. मी आता फक्त हात जोडतो.

नवी काच पुरी घट्ट होईपर्यंत गाडी दुकानातच राहू द्या, असं मडावीनं बजावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या डायलिसिसची पाळी होती. त्यानं न विचारताच सांगितलं की सकाळी व्हॅन घेऊन येतो. तो वेळेवर आला. आम्ही दोघं मागे बसलो. पूर्ण वाट मी तिचा हात धरून तिच्याकडे पाहत होतो. सेलू मागे पडल्यावर तिला हसू आलं. म्हणाली, ‘आज समोर नाई पाहत का जी?’

मी म्हटलं, समोर पाहणारा आहे. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि वर्धा येईपर्यंत शांत झोपली.