एका तिकिटात नज्दपर्यंत

शनिवारी सकाळी ब्राउनश्वाइगच्या स्टेशनवर आम्ही चार माणसं आणि पाच डबे असे उभे होतो. जर्मनीत शनिवार-रविवारसाठी एक तिकीट मिळतं. पाच जणांनी मिळून ते काढायचं आणि दिवसभर साध्या गाड्यांनी देशभर हवं तिकडे भटकायचं, फक्त वेगवान गाड्यांकडे मान वर करून बघायचं नाही. हे तिकीट खास मराठी माणसासाठीच निघालं असावं अशी मला शंका आहे. पाच जणांच्या तिकिटावर चौघंच जाणार या विचाराने माझ्या जावयाला, निखिलला, आदल्या दिवसापासून चैन पडत नव्हतं. माझी मुलगी मुक्ता सर्दीचं कारण सांगून सुटली. मग त्याने वरच्या मजल्यावरच्या पोलिश आजींनाही गळ घातली, पण त्या हुशार निघाल्या. शेवटी पाचवी जागा डब्यांना मिळाली.

मी साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, दोन-तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेली. उरलेले दोघे निखिलच्या गावचे. दाभोळच्या खाडीकाठच्या त्या गावात टेकडीवर एका पीराचा दर्गा आहे. उरुसाला पहिला नारळ देण्याचा मान निखिलच्या घराण्याचा, आणि संदलचं (उगाळलेल्या चंदनाचं) ताट डोक्यावरून वर नेण्याचा मान हसनचाचांच्या घराण्याचा. कोकणात माणूस एक वेळ जमीन सोडेल, मान सोडणार नाही. पण चाचांच्या गुडघ्यांनी यंदा असहकार पुकारला होता. हे ताट आता मुलाने, इम्तियाजने, घ्यावं अशी त्यांची इच्छा होती. इम्तियाज निखिलचा शाळेपासूनचा मित्र. इथल्या तांत्रिक विद्यापीठात तो इंजिनांच्या थरथरीवर संशोधन करत होता. त्याने फोनवर नाही म्हणून सांगितलं.

नाही म्हणण्याचं कारण साधं होतं. विद्यापीठातल्या काही मुलांबरोबर बसून वाचता वाचता त्याचं मत झालं होतं की मागायचं ते एका अल्लाहकडे. पीर झाला तरी तो माणूस. त्याच्यापुढे ताट नेणं म्हणजे देवाला भागीदार जोडणं. हे ऐकून चाचांनी व्हिसा काढला आणि ते स्वतःच येऊन थडकले. अर्जावर त्यांनी येण्याचं कारण ‘मुलाची भेट’ असं लिहिलं होतं. भांडणासाठी वेगळा रकाना नव्हता.

ते आल्यावर मुक्ताने सगळ्यांना जेवायला बोलावलं. आमटीचा भुरका मारत चाचांनी मला विचारलं, “बाई, तुम्ही इतिहासातल्या. हे खूळ निघालं कुठून?”

“खूळ नाही, अब्बा,” इम्तियाज खालच्या आवाजात म्हणाला.

इतिहासाचा प्रश्न विचारला की माझं तोंड आवरत नाही. म्हटलं, हे अठराव्या शतकात अरबस्तानच्या मध्यावर, नज्द नावाच्या कोरड्या मुलखात सुरू झालं. आणि युरोपात त्याची बातमी लिहिणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक जण इथलाच, उत्तर समुद्राकाठच्या एका गावात उतारवय काढलेला प्रवासी होता. त्याने आपल्या मुंबईला येऊन घारापुरीची लेणीही मोजली होती. नाव सांगत नाही, उच्चार माझ्या जावयालाही धड जमला नाही.

चाचांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. “इथलाच ना? मग जाऊन विचारू या.”

“चाचा, त्याला मरून दोनेकशे वर्षं होत आली,” मी म्हटलं.

“मग घरीच असेल,” चाचा म्हणाले.

इम्तियाजने कपाळाला हात लावला. “अब्बा, कबरींच्या पूजेला विरोध करणाऱ्यांची चौकशी करायला तुम्ही कबरीवरच निघालात!” पण तोही हसला, आणि त्याला हसताना पाहून निखिलने लगेच ते तिकीट काढलं.

हॅनोव्हर, मग उल्त्सन, मग हॅम्बुर्ग. साधी गाडी प्रत्येक गावाची विचारपूस करत जाते. बाहेर सपाट शेतं आणि पवनचक्क्या. सगळं इतकं टापटीप की गाईसुद्धा सांगून ठेवल्यासारख्या ओळीत चरत होत्या. उल्त्सन सोडल्यावर चाचांनी त्यांचा डबा उघडला. त्यात नाचणीच्या भाकऱ्या आणि गावाहून आणलेल्या सुकटीची चटणी होती. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तिच्या वासाला जर्मन भाषा येत नव्हती, तरी गाडीच्या डब्यातल्या प्रत्येकाला तो व्यवस्थित समजला. समोरचे एक गृहस्थ उठून खिडकी शोधू लागले, आणि खिडक्या उघडत नाहीत हे कळल्यावर त्यांनी डबाच बदलला.

“चला, पाय पसरायला जागा झाली,” चाचा म्हणाले.

तिकीट तपासायला आलेल्या बाईंनी आमची डोकी मोजली, पाचवं कुठाय असं विचारलं. निखिलने डब्यांकडे बोट दाखवलं. “गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, असं त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या विनोद करत होत्या की नियम पाळत होत्या, हे आम्हाला कळलं नाही.

मग चाचांनी मला वर्गातल्यासारखं बोलतं केलं. मीही सांगितलं. नज्दमधल्या एका काझीच्या घरातला तरुण मदिनेला आणि बसऱ्याला शिकून परत येतो. गावाकडे बघतो तर लोक झाडाला नवस बोलतायत, थडग्यांकडे मुलंबाळं मागतायत. तो म्हणतो, देव एक आहे, त्याच्याचकडे मागा. नुसतं म्हणत नाही, लोकांच्या श्रद्धेचं एक झाड तोडतो, एका कबरीवरचा घुमट पाडतो. गाव त्याला बाहेर काढतं. शेजारच्या एका छोट्या गावाचा सरदार त्याला आसरा देतो, आणि दोघं हात मिळवतात. याचा उपदेश, त्याची तलवार. पुढे त्यातून राज्य उभं राहिलं. लोक त्या पंथाला वहाबी म्हणू लागले, अनुयायांना ते नाव आवडत नाही. ते स्वतःला तौहीद, म्हणजे देवाचं एकत्व, मानणारे म्हणवतात.

“झाड का तोडायचं पण?” चाचांनी विचारलं. “झाडाने काय केलं त्याचं?”

“लोक झाडाकडेच मागत बसले म्हणून,” इम्तियाज म्हणाला. “मी कुठलं झाड तोडत नाहीये, अब्बा. मी फक्त मागत नाही.”

“तुझ्यासाठी मी मागितलं होतं. म्हणून तर झालास.”

“तेच म्हणतोय. ज्याने दिला त्याच्याकडे मागायचं होतंत.”

हे उत्तर त्याने उर्मटपणे दिलं नव्हतं, पण चाचांना ते लागलं. हॅम्बुर्गच्या आल्टोना स्टेशनच्या फलाटावर इम्तियाज म्हणाला, “निखिल, मी परत जातो. उगाच त्यांना त्रास.”

“आल्झो, बरं तर, जा,” निखिल म्हणाला. “पण तिकीट एकच आहे. एक तर आपण सगळे पुढे जातो, नाहीतर सगळे परत जातो.”

इम्तियाज मुकाट्याने गाडीत चढला. तत्त्वासाठी वडिलांशी वाद घालणारा हा मुलगा वेगळं तिकीट काढायला तयार नव्हता. त्या क्षणी तो मला फार आपला वाटला.

गावात उतरलो तर वारा असा की माझा पदर माझ्याआधी गावात शिरला. समुद्र दिसत नव्हता. दिसत होता तो डाइश (समुद्र अडवायला घातलेला उंच मातीचा बांध) आणि त्यावर चरणाऱ्या, निर्विकार चेहऱ्याच्या मेंढ्या. हाइमाटमुझेउम (गावाचं संग्रहालय) दुपारच्या जेवणासाठी बंद होतं. आम्ही दारातच राहिलेली चटणी संपवली. दार उघडायला आलेल्या फ्राऊ पेटर्सन, सत्तरीच्या पुढच्या उंच बाई, आधी वास घेऊन थबकल्या आणि मग आम्ही कोण, कुठले, हे ऐकून अक्षरशः मोहरल्या. आपल्या प्रवाशासाठी भारतातून कुणी आलं होतं! त्या पाच मिनिटं भरभरून बोलल्या.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“या म्हणतायत,” निखिलने भाषांतर केलं.

त्यांनी आम्हाला चर्चमध्ये नेलं, प्रवाशाचा दगड दाखवला. सगळे सोबती वाटेत मेले आणि हा एकटा मोजमापं घेऊन परतला, असं त्या म्हणाल्या. नज्दला तो कधी गेलाच नव्हता. तिथल्या नव्या शिकवणीबद्दल त्याने ऐकलं ते इतरांकडून. चाचांनी दगडावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि हळूच सलाम केला. इम्तियाज खिडकीकडे वळला.

“चाचा, हे काय?” मी कुजबुजले.

“एवढ्या लांब आल्यावर नुसतं बघून कसं जायचं, बाई?”

मग चाचांचं लक्ष रिकाम्या भिंतीकडे गेलं. भिंतीत कोनाडे होते, कोनाड्यांत कुणी नव्हतं. त्यांनी बोटाने विचारलं. फ्राऊ पेटर्सन म्हणाल्या की पूर्वी तिथे संतांच्या मूर्ती असत. मग धर्मसुधारणा आली. देव आणि माणूस यांच्यामध्ये कुणी नको, असं ठरलं आणि संत खाली उतरले.

“उतरून गेले कुठे?”

“माळ्यावर,” त्या म्हणाल्या. “पिढ्यान् पिढ्या तिथेच होते. आता संग्रहालयात आहेत. चला, दाखवते.”

संत काचेच्या कपाटात होते. एकाला नाक नव्हतं, एकीच्या हातातलं काहीतरी तुटलेलं. शेजारी जुनी लोण्याची रवी आणि लाकडी बूट. चाचा त्या कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. “यांना आता कुणी काही मागत नाही?” त्यांनी विचारलं. निखिलने विचारून सांगितलं, नाही. इम्तियाजला यात आपला विजय दिसेल असं मला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा बापापेक्षा उतरलेला होता.

परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही बांधावर जाऊन बसलो. ओहोटी होती, समुद्र आपलं दुकान आवरून लांब गेला होता आणि पुढे नुसता चिखल चमकत होता. चाचा गुडघे चोळत म्हणाले, “बाई, त्या नज्दवाल्याच्या घरचे काय म्हणत होते?”

मी सांगितलं की सख्खा भाऊ विरोधात गेला होता. बापालाही सगळं पटत नव्हतं, असं म्हणतात. बाप होता तोवर मुलाने जरा सबुरीने घेतलं. बाप गेल्यावर उघडपणे बाहेर पडला.

चाचांनी मांडीवर थाप मारली. “ऐकलंस रे? एवढा मोठा माणूस, तोपण बाप जाईपर्यंत थांबला! तू पण थांब. मी काय फार दिवस काढत नाय. मी गेलो की मग ताट बिट सगळं सोड, मी कशाला बघायला येतोय.”

ते हसत होते. निखिलही हसला. इम्तियाज मात्र हसला नाही.

“असं थांबलो तर मी रोज तुमच्या मरणाची वाट बघत बसल्यासारखं होईल, अब्बा. ते माझ्याच्याने होणार नाही.”

तो उठला आणि मेंढ्यांच्या दिशेने चालू लागला. चाचा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मला इतिहासाचा आणि माझ्या चालू तोंडाचा मनापासून राग आला.

हॅम्बुर्गहून निघालो तेव्हा गाडीत गर्दी होती. फुटबॉल बघून आलेली पोरं गात होती. उल्त्सनला गाडी बदलायची होती. चाचा जिना उतरताना कठड्याला धरून थांबले. इम्तियाज दोन पायऱ्या पुढे होता. तो परत वर आला, त्याने वडिलांच्या काखेत हात घातला आणि उतरता उतरता, जणू गाडीच्या वेळेबद्दल बोलावं तसं, म्हणाला, “मी येतो उरुसाला.”

चाचा जागीच थांबले.

“ताट धरणार नाही. आत येणार नाही. पण तुमच्या गुडघ्यांचा आणि तौहीदचा काही संबंध नाही. ताट तुम्ही धरा, तुम्हाला मी धरतो.”

“दारापर्यंत?”

“दारापर्यंत.”

“आणि मी बाहेर येईपर्यंत?”

“उभा राहीन.”

“लोक काय काय बोलतील तुला.”

“बोलू देत.”

चाचा आणखी एक पायरी उतरले. “आणि माझ्यानंतर ताट?”

इम्तियाज पुढच्या पायरीकडे बघू लागला. खाली गाडी लागली होती. निखिल डबे सांभाळत आम्हाला हाका मारत होता. “र्‍हाऊ दे,” चाचा म्हणाले. “चल, गाडी जाईल.”

पुढच्या प्रवासात मी खिडकीबाहेर बघत बसले. जर्मनीचा उन्हाळा, सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. आयुष्यभर मी मुलांना चळवळींचे उगम शिकवत आले: कुणी सुरू केली, कुठे, कशासाठी. परीक्षेत तेवढंच विचारतात. दोघांपैकी कुणीच हरलं नाही असं इथे लिहायचा मोह होतो आहे, पण ते खरं नाही. चाचा हरले होते. ते ज्यासाठी समुद्र ओलांडून आले ते ताट त्यांच्याबरोबर त्यांच्या घरातून जाणार होतं, आणि हे त्यांना उल्त्सनच्या जिन्यावरच कळलं होतं. मला त्यांच्यासाठी रडू येत होतं. काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून मी वळले, तर चाचा मुलाच्या खांद्यावर डोकं टाकून तोंड उघडं ठेवून घोरत होते. इम्तियाजचा हात अजून त्यांच्या काखेतच होता आणि अवघडला तरी तो हलवत नव्हता.