अडचणीपुढची बोटभर ओळ

भाचीला घेऊन नोकरी मार्गदर्शन शिबिराला गेलो होतो. तिथल्या फॉर्मवर ‘अडचण’ या शब्दापुढे बोटभर ओळ पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. अहो, तेवढ्यात माझं नावसुद्धा मावत नाही!

शेजारी कुबडी टेकवून बसलेल्या बाईंनी समुपदेशकांना विचारलं, “साहेब, पाय लिहू, नववीत सुटलेली शाळा लिहू, की अंथरुणावरची सासू?”

“मुख्य अडचण लिहा, ताई. एकच. त्यावरूनच काम सुचवतो.”

“नुसता पाय लिहिला तर तुम्ही तालुक्याला प्रशिक्षणाला पाठवाल. मग सासूला कोण बघणार? माझ्याकडे अडचणी एकेकट्या येत नाहीत हो!”

साहेब घड्याळाकडे बघत खंबीर मनाविषयी बोलू लागले. जी बाई रोज कुबडीवर उभी राहते, तिलाच उभं राहायला शिकवायची या जगाला भारी हौस! साहेबांच्या भाषणाला मी मुद्दाम टाळ्या वाजवणार होतो, पण भाचीनं चिमटा काढला.

बाईंनी फॉर्म उलटा केला. मागची कोरी बाजू शांतपणे लिहून भरली आणि साहेबांपुढे सरकवली.

“आता यावरून सुचवा.”

साहेबांनी खिशातून चष्मा काढला. सकाळपासून पहिल्यांदाच.