दोन व्यंकटरमण आणि एक शंकरपाळं

अलमेलु मिनिटाला साठ शब्द इंग्रजी टाइप करायची, आणि त्यातले निम्मे तिला कळायचे नाहीत. कुंभकोणमच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांवरच्या माडीत जी टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट होती, तिथे ती ब्याऐंशी सालापासून मुलींना शिकवत होती. जुन्या तंजावरी मराठी घरातली बाई. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि इंग्रजी फक्त बोटांपुरतं.

ब्याण्णव साली इन्स्टिट्यूटचे मालक राजगोपालराव यांनी एक कॉम्प्युटर आणला. शिकवायला तंजावरहून एक मास्तर यायचा. त्याचं इंग्रजी ऐकून अर्ध्या मुली पहिल्याच आठवड्यात पळाल्या, उरलेल्या दुसऱ्या आठवड्यात, आणि शिकवायला कोणीच उरलं नाही तेव्हा मास्तरही गेला. जाताना प्रोग्रॅमिंगचं एक जाडजूड पुस्तक मात्र विसरून गेला. तेवढा एकच उपकार.

ते पुस्तक अलमेलूनं डिक्शनरी शेजारी ठेवून दोन वर्षं वाचलं. नाकी नऊ आले, पण सोडलं नाही. शेवटी तिच्या लक्षात आलं की मुलींचं अडतं ते डोक्यापायी नव्हे, भाषेपायी. मग तिनं स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात इंग्रजी हुकूम पाठ करायचे नाहीत. पडद्यावर नुसता फ्लोचार्ट मांडायचा. ही चौकट फाइल उघडते, ही एक नोंद वाचते, ही लिहिते, ही फाइल बंद करते. प्रोग्रॅम सुरू केला की ज्या चौकटीचं काम चाललं असेल ती उजळायची. जिथे प्रश्न विचारायचा, ‘हो’ असेल तर उजवीकडे आणि ‘नाही’ असेल तर खाली, ती चौकट तिरकी असते. पुस्तक तिला डायमंड म्हणे. अलमेलु मनातल्या मनात शंकरपाळंच म्हणायची.

ऑब्जेक्ट म्हणजे काय, यावर पुस्तकानं चाळीस पानं खर्चली होती. अलमेलूनं ते मुलींना लग्नघरच्या स्वयंपाकाचं उदाहरण देऊन सांगितलं. भाजी चिरणारी आपली भाजी जाणते, सांबार करणारी आपलं सांबार. कुणी कुणाच्या पातेल्यात हात घालायचा नाही; जे हवं ते मागून घ्यायचं. मुलींना कळलं. धनलक्ष्मी नावाची तिरुभुवनमच्या विणकराची मुलगी, दहावीपर्यंत तमिळमध्ये शिकलेली, तिनं तर महिन्याभरात आपल्या गावच्या विणकर सोसायटीचा सगळा पसारा चार्टमध्ये बसवला. विणकर एक ऑब्जेक्ट, त्याचा माग दुसरा, त्या मागावर विणला जाणारा रेशमी साडीचा काठ तिसरा. नाव घातलं की त्या विणकराच्या काठाची नक्षी चौकोनाचौकोनांनी पडद्यावर उभी.

पण राजगोपालरावांचा धीर सुटत आला होता. ते म्हणाले, “अलमेलुअक्का, सोसायटीस हे पसंत पडलं तर तुमचा क्लास चालवू. नाही तर मशीन जातक छापण्यास लावतो. लोक दारी उभे आहेत.”

“मज एक दिवस द्या, तिरुभुवनमास जाऊन दाखवते,” अलमेलु म्हणाली. तिला ठाऊक होतं, लोकांच्या जन्मपत्रिका छापायला लागलेला कॉम्प्युटर पुन्हा मुलींच्या हाती यायचा नाही. धनलक्ष्मीसारख्या सात जणी जिना उतरून घरी जातील आणि तिथेच राहतील.

मंगळवारी सकाळी मंडळी निघाली. भाड्याच्या अँबॅसिडरमध्ये राजगोपालराव मॉनिटर धोतरासारख्या पांढऱ्या वेष्टीत गुंडाळून तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन बसले होते. सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीसेक विणकर जमले होते. पुढच्या खुर्चीवर रं. व्यंकटरमण, वय चौऱ्याहत्तर, हातात काठी. गोपुरांचा काठ त्यांच्यासारखा विणणारा गावात दुसरा नव्हता.

सोसायटीचे चिटणीस म्हणाले, “पहिला मान यांचा. यांचा काठ दाखवा.”

धनलक्ष्मीनं नाव टाइप केलं. पडद्यावर काठ आला. गोपूर नाही, मोर नाही, हंस नाही. बोटभर रुंदीचा साधा, सपाट काठ.

हॉलमध्ये खसखस पिकली. मागून कुणी तरी म्हणालं, साठ वर्षांची विद्या यंत्रानं एका मिनिटात धुऊन टाकली! राजगोपालराव छताकडे बघू लागले. धनलक्ष्मीचे डोळे भरले. अलमेलूला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण धरणी अशा वेळी कधीच दुभंगत नाही. जे करायचं ते आपल्यालाच करावं लागतं.

“चूक कुठे झाली ते मला ठाऊक नाही,” ती तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाली, “पण ती तुमच्यासमोरच शोधते.” तिनं रिकामी फाइल घेतली, प्रोग्रॅम अगदी संथ चालीवर ठेवला आणि व्यंकटरमणांच्या रस्त्यावरच्या विणकरांच्या नोंदी पहिल्यापासून घालायला घेतल्या. एकेक चौकट उजळू लागली. धनलक्ष्मी सगळ्यांना तमिळमध्ये वाचून दाखवू लागली. “नोंद घेतली. हे नाव फाइलीत आहे का? नाही. म्हणून खाली. नवी नोंद लिहिली.”

म्हाताऱ्यानं खुर्ची पुढे ओढली. पाच-सहा नोंदी झाल्यावर त्याचे ओठही हलायला लागले. “नाही. खाली. लिहिली.” सोळा नोंदी अशाच खाली गेल्या. सतरावी शंकरपाळ्यापाशी आली आणि उजेड उजवीकडे वळला.

काठी जमिनीवर आपटली. “थांब! हा उजवीकडे का गेला?”

“रं. व्यंकटरमण हे नाव आधीच फाइलीत आहे,” अलमेलु म्हणाली. “म्हणून प्रोग्रॅम जुनी नोंद बदलून टाकतो.”

“अगं बाई, नाव आहे ते माझं! आत्ता आला तो माझा नातू. आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं, आणि नावाआधी बापाचं आद्याक्षर. माझा बाप रंगा, याचाही बाप रंगा. दोघेही रं. व्यंकटरमण, घरही एकच. तू मला पुसून त्याला बसवलंस!”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिच्या स्वतःच्या घरात सासरे लक्ष्मीनारायण आणि मुलगाही लक्ष्मीनारायण. पण सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून मुलाला ती जन्मापासून अप्पू म्हणत आली होती. सतरा वर्षांत ते नाव तिच्या जिभेवर एकदाही आलं नव्हतं. मग दोन नावांची टक्कर तिला दिसणार कशी?

“मग तुम्हा दोघांना ओळखायचं कशानं?” तिनं विचारलं.

“नाव आम्ही वाटून घेतो. माग कोण वाटून घेतो?” म्हाताऱ्यानं खिडकीबाहेर काठी दाखवली. सोसायटीनं प्रत्येक मागाच्या खांबावर आकडा रंगवलेला होता.

अलमेलूनं शंकरपाळ्यातला प्रश्न बदलला. नावाऐवजी मागाचा आकडा. माणूस स्वतंत्र ऑब्जेक्ट, आणि नाव त्याच्या अंगावरच्या उपरण्यासारखं, दोघांचं सारखं असेना का! दोन्ही व्यंकटरमण खालच्या वाटेनं सुखरूप उतरले. पडद्यावर गोपुरांची रांग उभी राहिली तेव्हा हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मग दुपारपर्यंत सगळी यादी पुन्हा घातली, तर आणखी दोन आजोबा सापडले, आपापल्या नातवांखाली गडप झालेले.

चिटणीस खूश. म्हणाले, “काम पक्कं. आता फाइल सांभाळायला कॉलेजातला एखादा इंग्रजी जाणणारा पदवीधर ठेवू.”

म्हातारा उसळला. “कशाला? मला इंग्रजीतलं एक अक्षर वाचता येत नाही, आणि यंत्राची चूक पकडली ती मी! ही आपल्या गावची मुलगी सांभाळेल. आणि माझ्या सुनेलाही शिकवा.”

राजगोपालरावांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. धंद्यातला माणूस, वारा कुठून येतो ते त्याला लगेच कळतं. संध्याकाळी त्यांनी पाटी रंगवायला टाकली. कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग, इंग्रजी येत नसलं तरी चालेल.

सोमवारी त्या अरुंद जिन्यावरून एकोणीस बायका वर आल्या. कुणाच्या पदराला रेशमाचे धागे चिकटलेले, कुणी आपल्या सासूला सोबत आणलेलं. अलमेलु दारात उभी राहून एकेकीला मोजत होती. बाराव्या बाईनंतर डोळे भरून आले आणि दिसेना. धनलक्ष्मीनं घाबरून विचारलं, “अक्का, काय झालं?”

“आनंद झाला गं,” अलमेलु म्हणाली, आणि पदरानं तोंड न लपवता तिथेच सगळ्यांसमोर मनसोक्त रडली.