कांबळे सरांचा ‘हार्ड’ महिना

“हातात काय आणलंय?” दार उघडताच कांबळे सर विचारायचे. रिकाम्या हाताने आलेल्याला आत घेत नसत. पहिल्या रविवारी मी वेफर्सचा पुडा घेऊन गेलो, तर तो त्यांनी तसाच परत पाठवला. सरांना खाऊ नको होता, अर्थ हवा होता.

सर मूळचे नांदेडकडचे. सरकारी कचेरीत टायपिंग करता करता निवृत्त झालेले. मीरा रोडला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहत आणि रविवारी सकाळी आम्हा नोकरदारांना फुकट इंग्रजी शिकवत. महिन्याला एकच शब्द. डिक्शनरी बंद. तो शब्द जिथे भेटेल तिथून उचलून आणायचा. वस्तू असेल तर वस्तू, नाहीतर घडलेली गोष्ट. “पाठ केलेला शब्द नुसता तोंडात असतो बाबा,” ते म्हणत, “तोंड उघडलं की पडून जातो.”

माझा पडला होताच. हेडक्लार्कच्या इंटरव्ह्यूत मी दोनदा आपटलो होतो. दुसऱ्यांदा तर पाठ केलेलं ‘माय फॅमिली’ मी घडाघडा म्हणत असताना साहेबांनी मध्येच काही विचारलं, आणि मी “सॉरी सर” म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. आता तिसरी संधी, तीच शेवटची.

त्या महिन्याचा शब्द होता ‘हार्ड’. कुणी सुपारी आणली. मी बाटलीभर बोअरिंगचं पाणी नेलं, ज्याला साबणाचा फेसच येत नसे. “हार्ड वॉटर. शाबास!” शेजारच्या जयंतीभाईंनी कमाल केली. कमी ऐकू येणाऱ्या वडिलांनाच हाताला धरून आणलं. “सर, हार्ड ऑफ हिअरिंग!” बापूजी भजन आहे समजून हात जोडून बसले आणि चहा पिऊन गेले.

ते बघून मला चेव आला. पुढच्या रविवारी माझ्या बायकोने, सुनंदाने केलेली चपाती पेपरात गुंडाळून नेली आणि टेबलावर आपटली. टक्क! “हार्ड चपाती, सर!” वर्ग खो खो हसला.

सर हसले नाहीत. तुकडा मोडून सावकाश चावत राहिले. “कणीक मळायला हातात जोर उरलेला दिसत नाही. पाणी कोण भरतं तुमच्याकडे?”

टँकर पहाटे गेटपाशी यायचा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. “सुनंदा,” मी म्हणालो.

“आणि तुम्ही?”

“मी... झोपलेला असतो.”

“सावंतभाई, ये तो तुम फँस गया,” जयंतीभाई पुटपुटले.

“सावंत, वस्तू चुकीची आणलीत,” सर म्हणाले. “पुढच्या रविवारी बरोबर आणा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. “अहो, बरं नाही का तुम्हाला?” सुनंदाने घाबरून विचारलं. दुसऱ्याच खेपेला मी जिन्यात बसकण मारली. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन ती मागून आली. “बसा हो. फक्त वाट सोडून बसा.”

रविवारी सरांना तळहातावरचे फोड दाखवले. “या आत,” ते म्हणाले.

इंटरव्ह्यूत साहेबांनी घरचं विचारलं. ‘माय फॅमिली’ ओठांवर आलं, पण मी थांबलो. “सर, माय वाइफ ब्रिंग्ज वॉटर. थर्ड फ्लोअर. आय वॉज स्लीपिंग. नाऊ आय ऑल्सो ब्रिंग.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हाऊ मेनी बकेट्स?”

“वन, सर. टू इज हार्ड.”

साहेब हसले. मग ते विचारत गेले आणि मी मोडकंतोडकं बोलत गेलो. पास झालो.

पेढे घेऊन सरांकडे धावलो. काय बोललो ते सगळं सांगितलं. सरांनी बॉक्सचं झाकण लावलं. “हे वहिनींना सांगितलंत? नाही? मग आधी वर जा.”

सुनंदा चपात्या लाटत होती. मी सांगत असताना तिचं लाटणं थांबलं. “म्हणजे मी पाणी भरते, हे साहेबांना इंग्रजीत सांगितलंत?”

“हो.”

“आणि मला मराठीत सांगायला लग्नानंतर सहा वर्षं लागली?”

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला हेडक्लार्क कांबळे सरांनी केलं, हे मी रिटायर होईपर्यंत सगळ्यांना सांगत आलो. नवरा कुणी केला, ते सुनंदा सांगते.