दोनचा माणूस

दिंद्रुडच्या पेठेत भीमाशंकर अप्पांचं किराणा दुकान आहे. तिथं काहीही मागा, आधी प्रश्न मिळतो, मग माल.

"अप्पा, शेंगदाणे हायेत का?"

"कशाला पायजेत?"

"चटणीला."

"मग भाजलेले नेतोस का कच्चे?"

"कच्चेच द्या."

"घरी भाजायला कुनी हाय ना?"

एवढी चौकशी पार पडली की शेंगदाणे पुडीत पडतात आणि वरून "असं हाय बघा ते" हे वाक्य वानवळा म्हणून मिळतं. अप्पांचं वय चौऱ्याहत्तर. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि आवाज असा, की अप्पा बायकोच्या कानात काही सांगायला गेले तर ते स्टँडवरच्या कंडक्टरला आधी कळावं.

हा आवाज वर्षातून सात दिवस खऱ्या कामाला येतो. दुकानामागच्या खोलीची खिडकी महादेवाच्या देवळाकडे उघडते, आणि त्या देवळाच्या मंडपात मार्गशीर्षात शिवनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. "शिव हर, शिव हर" हे नाम तुटू द्यायचं नाही. दोन-दोन तासांचे पहारे. वेळ झाली की पुढचा माणूस येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर सरकतो आणि क्षणभर नाम दोघांच्याही तोंडी असतं. पुढचा आलाच नाही, तर मागच्यानं उभं राहायचं. तहान लागो, गुडघा ओरडो.

अप्पांच्या वडिलांचे गुडघे गेले तेव्हा दुपारी बारा ते दोनचा पहारा त्यांनी अप्पांना दिला. दुकान द्यायला त्यानंतरही आठ वर्षं लावली. म्हणजे त्या घरात कशाला किती किंमत होती ते कळावं. त्याच वर्षी दोन ते चारचा पहारा धोंडीराम तात्यांकडे आला. त्याला एकतीस वर्षं झाली.

तात्या वाण्यांपैकी नव्हेत, शेतकरी. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला त्यांचं रान, आणि रानातल्याच आखाड्यावर, म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्यांत, ते आणि एक म्हैस असे दोघं राहतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा तानाजी पुण्यात कंपनीत. बोलायची तऱ्हा अप्पांच्या बरोबर उलटी. "म्या काय म्हन्तो..." एवढं म्हणून तात्या थांबतात. इतका वेळ थांबतात, की समोरचाच कंटाळून त्यांचं वाक्य पुरं करतो. मग तात्या म्हणतात, "तेच म्हन्तो म्या."

पण पहाऱ्याला हा माणूस कधी थांबला नाही. दोनला पाच कमी असताना देवळाच्या पायरीवर चपलांची खडखड व्हायची आणि उपरण्याच्या गाठीत अप्पांसाठी गरम हुरडा असायचा. अप्पांनी एकतीस वर्षांत मंडपातलं घड्याळ बघितलं नाही. हुरड्याचा वास आला की दोन वाजलेले असत.

मग करोना आला, सप्ताह बंद राहिला. त्यामागून लस आली आणि दुकानापुढच्या बाकड्यावर म्हाताऱ्यांची रोज सभा भरू लागली.

अप्पांनी पेठेत सगळ्यांच्या आधी घेतली. घेताना तेजश्री सिस्टरला विचारून घेतलं, "सुई नवी हाय का? आतलं औषद गार कावून? डावाच हात कावून? माज्याआधी कुनाला दिली? त्यो जिवंत हाय ना?" सिस्टर वडवणीकडची, तिची जीभ म्हणजे विनाथांबा गाडी. "नवीये आजोबा, फ्रीजमधलंय आजोबा, उजव्यानं जेवायचंय ना आजोबा, हाये की जिवंत, ढिला सोडा, ढिला." अप्पा सहावा प्रश्न जुळवत होते, तोवर ती म्हणाली, "झालं, उठा."

"कदी झालं?" अप्पा म्हणाले. तोच सहावा.

सोमेश्वर गुरुजींचंही नक्की होतं. निवृत्त मास्तर, सप्ताहाचे प्रमुख, आणि बोलतात ते शुद्धलेखन घातल्यासारखं. "मी दोन्ही डोस घेतलेले आहेत. पूर्णविराम. प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे. पूर्णविराम."

अप्पांच्या घरातच मात्र फूट होती. बायको शिवगंगाबाई पहिला डोस घेऊन थांबल्या. "सुईचं मला कायबी न्हाई," त्या आतूनच सभेला ऐकवायच्या. "पन त्या दिवशी मला ताप आला अन् ह्यांनी चहा केला. साखरेच्या जागी मीठ. दुकान किराण्याचं, अन् घरात साखर कुठं असती ते ठावं न्हाई. परत त्यो चहा प्यायची ताकद न्हाई माज्यात."

तात्यांचं "न्हाई" ठरलेलं होतं, कारण ठरत नव्हतं. एका आठवड्यात दंडावरचे जुने वण दाखवायचे, "ल्हानपनी देवी काढल्यात, त्येच पुरं हाय." दुसऱ्या आठवड्यात, "साडूच्या गावात एकजन घिऊन आला, तीन दीस उठला न्हाई." तिसऱ्यात, "म्या रानात राहतो. रोगाला आखाड्याचा रस्ता सापडंना." बाकडं हसायचं. अप्पाही हसायचे, पण डोकं दुकानदाराचं. गिऱ्हाईक दर खेपेला नवं कारण सांगून तोच माल नाकारतं, तेव्हा खरं कारण त्यानं अजून सांगितलेलंच नसतं.

एकदा बाकड्यावर दोघंच होते तेव्हा अप्पांनी विचारलं, "धोंड्या, खरं सांग. कावून घेत न्हाईस?"

"म्या काय म्हन्तो..."

या खेपेला अप्पांनी वाक्य पुरं केलं नाही. वाट बघितली. तात्यांनीही बघितली. शेवटी तात्या उठले, म्हशीची वेळ झाली म्हणाले आणि गेले.

पुढच्या मार्गशीर्षात सप्ताह पुन्हा बसवायचं ठरलं. गुरुजींनी देवळाच्या खांबावर पहाऱ्यांची यादी चिकटवली. वर ठळक अक्षरांत होतं, वीणा लस घेतलेल्यांच्याच गळ्यात. खाली दोन ते चारच्या पुढे बजरंगचं नाव. बजरंग पानटपरीवाला, चाळिशीचा, भला माणूस. पण दोनचा माणूस नव्हे.

"गुरुजी, दोनला बजरंग कावून?"

"धोंडीरामने लस घेतलेली नाही. वीणा छातीला लागते, स्वल्पविराम, तोंडाशी असते, स्वल्पविराम, आणि मंडळातले बहुतेक साठीच्या पुढचे. मी चुकलो का? प्रश्नचिन्ह."

गुरुजी चुकले नव्हते, तेच तर दुखणं होतं. घरी येऊन अप्पा शिवगंगाबाईंना म्हणाले, "धोंड्या यंदा सुटला तर कायमचा सुटला. रानातून देवळात यायला त्याला दुसरं निमित्त कुठलं हाय?" अप्पांचा हा प्रश्न शेंगदाण्यातला नव्हता.

सप्ताहाचा पहिला दिवस. बाराला अप्पांनी वीणा घेतली. देवळासमोरच्या शाळेत त्याच दिवशी लसीचा कॅम्प होता, तेजश्री सिस्टर पाचपर्यंत बसणार होती.

दोनला बजरंग हातपाय धुऊन आला. तात्याही आले होते, पण पायरीपर्यंतच. मंडपाबाहेर ओट्यावर बसले, हुरड्याची गाठ मांडीवर. बजरंग पाया पडायला वाकला, तर अप्पा दोन पावलं मागे सरकले. बजरंग पुढे झाला, अप्पा आणखी मागे. दोघांची अशी अर्धी प्रदक्षिणा झाली.

"भीमाशंकर, हे काय चालले आहे?" गुरुजी उठले. घाईत प्रश्नचिन्ह राहिलं.

अप्पांची पंचाईत झाली. नाम तोडायचं नाही आणि गप्प तर जन्मात कधी बसले नव्हते. मग त्यांनी तोड काढली. चाल तीच, ठेका तोच, आणि दोन नामांच्या मध्ये जिथं श्वास घ्यायचा तिथं बोलणं.

"शिव हर, शिव हर... माजा दोनचा मानूस... शिव हर, शिव हर... ओट्यावर बसलाय... शिव हर."

टाळकरी चमकले, पण टाळ चुकला नाही. गुरुजींना अशा वाक्याला कुठलं चिन्ह द्यावं ते कळेना, ते खाली बसले.

अडीच झाले. अप्पांचा डावा गुडघा बोलू लागला. बजरंग खांबाला टेकून मोबाइल बघत बसला. तीन वाजले. तात्या ओट्यावरून हलत नव्हते, घरीही जात नव्हते. अप्पा डुलत डुलत मंडपाच्या कडेला आले.

"शिव हर, शिव हर... धोंड्या, सुई मुंगीएवढी... शिव हर... कळत बी न्हाई... शिव हर, शिव हर... कावून भितूस रे?"

तात्यांना इतक्या वर्षांची सवय. चाल कानावर पडली की तोंड आपोआप उघडायचं. मान खाली घालून, बारीक आवाजात, पण सुरात ते म्हणाले, "शिव हर, शिव हर... सुईला न्हाई भीत."

"शिव हर... मग कशाला?"

आणि ज्या माणसाचं वाक्य कधी पुरं झालं नव्हतं, त्याचं चालीवर पुरं झालं.

"शिव हर, शिव हर... ताप येतो म्हन्त्यात... शिव हर... मागल्या साली आलता... तीन दीस पडून व्हतो... शिव हर, शिव हर... घागर चार पावलांवर... जाता आलं न्हाई... शिव हर... म्हैस वरडत व्हती... तिला पानी न्हाई, मला बी न्हाई... शिव हर, शिव हर... कुनाला सांगावं."

टाळ हळू झाले. चालीवर बोलताना माणसाला लाज कमी वाटते. अप्पांनी नाम सोडलं नाही, पण पुढचा प्रश्न त्यांना सुचला नाही. पेठेत हे पहिल्यांदा घडत होतं.

प्रश्न विचारला शिवगंगाबाईंनी. त्या बायकांच्या रांगेतून उठून ओट्यावर आल्या.

"भाऊजी, ह्ये आधी कावून न्हाई सांगितलं?"

"वहिनी, म्या काय म्हन्तो..."

"ते राहू द्या. आमच्या मागच्या खोलीत बाज हाय. दोन दीस तिथं पडायचं. म्हैस बजरंग बघील. बघशील ना रे?"

बजरंगनं मोबाइल खिशात घातला. "बघतो की काकू. हिथं तरी मला कुठं काम हाय?"

"अन् ताप चढला तर?" तात्या म्हणाले.

"मलाबी चढंल की. मीबी चालले तुमच्यासंगं दुसरा घ्यायला. दोघं मिळून ह्यांचा चहा पिऊ. एकटीला लई जड जातो."

दोघं रस्ता ओलांडून शाळेत गेले. हुरड्याची गाठ ओट्यावर तशीच राहिली. थोड्या वेळानं शाळेच्या दारातून सिस्टरचा आवाज आला, "ढिला सोडा आजोबा, ढिला." अप्पांच्या ठेक्यात एकदम जोर आला. टाळकऱ्यांची धावपळ उडाली.

तिथं त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं. चारला पाच कमी असताना पायरीवर चपलांची खडखड झाली. तात्यांच्या बाहीखाली कापसाचा बोळा होता. गुरुजींनी चष्म्यावरून तो बघितला, खांबाजवळ गेले, बजरंगच्या नावावर रेघ ओढली आणि वर तात्यांचं नाव लिहिलं. "दुरुस्ती," ते म्हणाले, "पूर्णविराम." चारचा माणूस आपण होऊन म्हणाला, मी सहाला येतो.

अप्पा पाया पडायला वाकू गेले, गुडघ्यानं वाकू दिलं नाही. तात्यांनी दोघांच्या वाटचं वाकून घेतलं. पट्टा त्यांच्या उजव्या खांद्यावर सरकला आणि क्षणभर नाम दोघांच्या तोंडी झालं. मग अप्पा ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांनी गाठ सोडली. गार हुरडा चिवट लागतो. अप्पांनी दाणा ठेवला नाही.

ताप दुसऱ्या दिवशी सकाळी आला, दोघांनाही. अप्पांनी चहा केला. या खेपेला साखर सापडली, पण दोनदा घातली गेली. तात्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वहिनी, म्या काय म्हन्तो..."

"तेच म्हन्ते मी," पलीकडून गोधडीतून शिवगंगाबाई म्हणाल्या.

अप्पांनी तात्यांच्या बाजेभोवती पाणी मांडून ठेवलं. उशाला तांब्या, पायथ्याला तांब्या, खिडकीत पेला, बाजेखाली कळशी. कुठल्याही कुशीवर वळलं तरी हात पाण्यालाच लागावा.

"एवढं कशाला रे?" तात्यांनी विचारलं.

"तुला काय करायचंय?" अप्पा म्हणाले. "असं हाय बघ ते."

बाराला अप्पांनी वीणा घेतली. गुरुजींनी त्या दिवसापुरतं खांबावर लिहिलं होतं, बारा ते तीन भीमाशंकर, तीन ते चार बजरंग. बजरंग म्हशीला पाणी पाजून वेळेत येणार होता. दोन वाजले तेव्हा हुरड्याचा वास आला नाही, आणि अप्पांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा घड्याळ बघितलं. मग ते डुलत डुलत मंडपाच्या त्या कोपऱ्यात गेले, जिथून दुकानामागची खिडकी जवळ पडते.

"शिव हर, शिव हर... पानी पिलास का रे... शिव हर."

खिडकीतून घोगरा, पण सुरातला आवाज आला.

"शिव हर, शिव हर... पिलो की... शिव हर... चहा मातुर नको."