कंपाउंडरकाकांची लाल बाटली

कंपाउंडरकाका कोणी भेटलं की तोंडाआधी त्याची पाठ बघायचे. वैशाखात बुऱ्हाणपुरात घाम वाळून सगळ्यांच्याच पाठीवरच्या कपड्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. काका त्या रेघा कुंडलीसारख्या वाचायचे. रोग्याच्या बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “जबान खोटं बोलते, घाम नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाणी किती प्यायलात, लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता, हे चोर पकडल्यासारखं तीनतीनदा विचारायचे, तेही चारचौघांत. मी तेव्हा सोळा वर्षांची. मला त्यांचाच संशय यायचा.

तशी ती वर्षंच संशयाची होती. छप्पन साली राज्यांची फेररचना होऊन जुनं राज्य मोडलं, विदर्भ मुंबईकडे गेला, आम्ही भोपाळच्या राज्यात राहिलो आणि सरकारी नोकरांची वाटणी सुरू झाली. बाबा तहसिलीत कारकून, काका सरकारी दवाखान्यात. कोणाचं नाव कोणत्या यादीत, कोणी कोणाची चुगली केली, हीच कुजबुज. बाबांना विदर्भात टाकलं, तर जवळच्या बहादरपूरला केळीच्या बागेतल्या आंधळ्या आजोबांना कोणाच्या भरवशावर सोडायचं, हा आईला घोर लागला होता.

त्या उन्हाळ्यात आई अनवाणी तापीवर जायची, चुलीपुढे घामाने निथळायची, माठातलं पाणी तांब्या तांब्या प्यायची आणि तरी वाळत चालली होती. पोटऱ्यांत गोळे यायचे, डोकं जड व्हायचं. एका दुपारी ती मला मावशीच्या नावाने हाक मारू लागली. शेजारणी म्हणाल्या, ऊन लागलंय, आणखी पाणी पाज. मी पाजत होते. डॉक्टर दौऱ्यावर होते, म्हणून बाबांनी काकांना आणलं. त्यांनी आल्या आल्या माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. मला ते दुष्टपणाचं वाटलं.

मग त्यांनी आईची काल घातलेली काळी चोळी मागितली. खिडकीपाशी नेऊन उलटीसुलटी केली. पाठीवर एकही पांढरी रेघ नव्हती. आईच्या कपाळावरचा घाम बोटाने टिपून त्यांनी चक्क जिभेला लावला. मला शिसारी आली.

“भाभी, मीठ कधीपासून सोडलं?”

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तीनदा विचारल्यावर कबूल केलं. बाबांची बदली टळेपर्यंत तिने अळणी खायचं धरलं होतं. स्वतःपुरतं वरण-भाजी ती मीठ घालायच्या आधीच काढून ठेवायची आणि सगळ्यांच्या मागून जेवायची. व्रत बोलून दाखवलं तर फळत नाही, म्हणून कोणालाच पत्ता नव्हता.

काकांनी मला ओसरीवर बोलावून समजावलं. “देख बेटी, पानी अंगात टिकते ते मिठाच्या भरवशावर. मीठ सरत आलं का शरीर कंजूस होते, घामातूनबी जाऊ देत नाही. तू वरून पानी ओतलं, का उरलंसुरलं मीठ अजून पातळ होते. मग डोकं फिरते.”

म्हणजे आईचं डोकं माझ्याच तांब्याने फिरलं होतं.

व्रत मोडायला आईने साफ नकार दिला. काका वाद न घालता निघून गेले आणि तासाभरात लाल औषधाची बाटली घेऊन आले, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. औषधाला व्रताची आडकाठी नसते, एवढंच म्हणाले. तीन दिवसांत आई मला माझ्या नावाने हाक मारू लागली. मी एकदा गुपचूप बूच चाटून पाहिलं. निव्वळ खारट. मी कोणाला बोलले नाही, तरी काका दर भेटीत माझ्याकडे रोखून बघायचे, पोरीने ओळखून घरात सांगितलं की काय म्हणून.

दिवाळीआधी याद्या लागल्या. बाबा बुऱ्हाणपुरातच राहिले आणि काकांचं नाव विदर्भात निघालं. स्टेशनवर आई लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. ती त्यांच्या हातात देत म्हणाली, “कंपाउंडरभाऊ, पहिल्याच घोटाला कळलं होतं मला.”

जन्मभर सगळ्यांवर संशय घेतलेल्या माणसाला हा संशय कधी आला नव्हता. बरणी तशीच धरून त्यांनी विचारलं, “मग पेल्या कशा, भाभी?”

“तुम्ही औषध म्हणालात. मी विश्वास ठेवला.”

गाडी हलली. काका खिडकीतून दिसेनासे होईपर्यंत आईच्या तोंडाकडे बघत राहिले.