सेपरेटची चुकीची स्पेलिंग

लातूरला क्लासेसचे दिवस जोरात सुरू झाले होते. नांदेडपासून उदगीरपर्यंतची पोरं सायकली घेऊन यायची, खोल्या करून राहायची आणि पहाटे पाचच्या बॅचला ओल्या केसांनी बसायची. शरदचंद्र सरांच्या रसायनशास्त्राच्या क्लासात नोट्स आणि प्रश्नसंच टाइप करायचं काम वैजनाथकडं होतं. तिशीच्या जवळ आलेला, कमी बोलणारा माणूस. प्रूफ वाचताना ओळीखाली पट्टी धरायचा आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा.

तो मूळचा औसा तालुक्यातला. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. हॉस्टेलच्या खाटा हलल्या, पोरं बाहेर पळाली, थोड्या वेळानं हसत परतही आली. गावाकडची बातमी सकाळी रेडिओवर कळली. मिळेल त्या गाडीनं तो गावी पोचला तेव्हा धाकटी बहीण, सातवीतली पुनम, राहिली नव्हती. वडलांच्या, सटवाजींच्या, कमरेला मार बसला होता. शेत बघायला कुणीतरी लागणार होतं. वैजनाथ भूकंपग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्येच राहिला आणि कॉलेज सुटलं. पुढं वडील काठी टेकत शेतात जाऊ लागले, नवीन गाव वसलं, आणि तो कामाला लातूरला आला.

क्लासमध्ये नवे कॉम्प्युटर आले त्या वर्षी सरांनी त्यांवर फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं. टाकून झाली, पण पडदे काळेच. माऊसचा बाण, खिडक्या, अक्षरं हे सगळं पडद्यावर आणणारा एक मूळ प्रोग्राम असतो, त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. मॉनिटर कोणता, त्याची ताकद किती, हे त्याला एका फाईलमध्ये शब्दांत लिहून सांगावं लागायचं. एक अक्षर चुकलं तरी तो ऐकायचा नाही.

वैजनाथनं त्या प्रोग्रामची इंग्रजी माहितीपुस्तिका छापून घेतली आणि पट्टी धरून वाचायला बसला. दुपारपर्यंत त्याला सापडलं. हॉरिझॉन्टल हा शब्द एका पानावर बरोबर होता, आणि ज्या पानावरचा नमुना त्यानं जसाच्या तसा उतरवला होता, तिथं मधलं एक अक्षर गळालं होतं. त्यानं फाईलमध्ये ते अक्षर भरलं आणि पडदा उजळला.

सर खूश झाले. वैजनाथच्या मनातून मात्र ते पान जाईना. दुसऱ्या कुठल्या गावात कुणीतरी हाच नमुना उतरवून काळ्या पडद्यापुढं बसलं असेल, असं त्याला वाटत राहिलं. इंटरनेट कॅफेत जाऊन त्यानं पुस्तिका सांभाळणाऱ्या लोकांना मेल लिहिली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. हेन्रिक नावाच्या गृहस्थानं लिहिलं होतं, "आभारी आहे. दुरुस्त केलं. आणखी सापडलं तर जरूर कळवा."

मग वैजनाथनं सगळी पुस्तिकाच वाचायला घेतली. कुठं एखादं अक्षर सुटलेलं, कुठं एकच शब्द दोनदा पडलेला, कुठं 'नाही' गळून वाक्याचा अर्थच उलटा झालेला. क्लासचं काम आटोपलं की तो तासभर तेच करायचा.

"ह्यातून तुला काय भेटतं रे?" सरांनी एकदा विचारलं.

"काही नाही सर. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो."

"आपल्या नोट्सचं प्रूफ राहू नये म्हणजे झालं."

"ते झालंय सर. तुमच्या टेबलावर ठेवलंय."

दोन वर्षांत हेन्रिकचा त्याच्यावर इतका विश्वास बसला, की त्याच्या दुरुस्त्या तो वरवर बघून पुढं पाठवू लागला. त्यातच ती चूक झाली. इंग्रजीत 'सेपरेट' लिहिताना 'पी'नंतर 'ए' येतो. पुस्तिकेत सगळीकडं 'ई' होता. वैजनाथनं मोठ्या समाधानानं ते सगळे शब्द सुधारले. नवी आवृत्ती निघाली आणि आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. पुस्तिकेबरहुकूम लिहिलं तरी पडदे चालू होईनात. तो शब्द म्हणजे एका सेटिंगचं नाव होतं; प्रोग्राम लिहिणाऱ्यानंच पहिल्या दिवशी तो चुकीचा लिहिला होता आणि प्रोग्रामला तोच ठाऊक होता. एका कॉलेजच्या लॅबमधली परीक्षा त्यापायी पुढं ढकलावी लागली, असं एकानं संतापून लिहिलं होतं.

"मीही नीट पाहायला हवं होतं," हेन्रिकनं लिहिलं आणि जुनी स्पेलिंग परत घातली. वैजनाथनं माफी मागितली. त्यानंतर मात्र त्यानं पुस्तिका उघडलीच नाही. कुणी काही बोललं नव्हतं, तरी कॅफेपुढून जाताना तो रस्त्याची दुसरी बाजू धरायचा.

त्याच सुमारास गावात भूकंपात गेलेल्यांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. कोरणारे वीरण्णा निलंग्याकडचे. त्यांनी दगडावर आधी खडूनं नावं लिहून घेतली आणि सरपंचांनी वैजनाथला बोलावलं, "तुझी नजर पक्की हाय, एकदा बघून घे." वैजनाथ दगडापुढं उकिडवा बसला. चुकलेली आडनावं नीट केली. बहिणीच्या नावाशी आला. तिथं 'पुनम' लिहिलं होतं. शुद्ध लिहायचं तर पू दीर्घ. त्यानं खडूनं तो उकार बदलला.

संध्याकाळी त्याची आई, कस्तुराबाई, नावं बघायला आली. तिला वाचता येत नव्हतं. पुनमनं शाळेतून आल्यावर चुलीपुढच्या राखेत बोटानं लिहून तिला दोनच शब्द शिकवले होते, आई आणि स्वतःचं नाव. म्हातारीनं दगडावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबली.

"वैजू, ही आपली पुनी न्हाई."

"तिचंच नाव हाय की आई."

"ह्याची शेपटी उलटी गेलीय बघ. तिची अशी नव्हती."

"आई, बरोबर असंच लिहितेत. तिचं चुकत होतं."

"चुकत आसंल. तिला मास्तरनं कधी टोकलं न्हाई, तिच्या वह्यांवर, दाखल्यावर तसंच हाय. नाव तिचं हाय ना? मग तिच्यावानी लिव्ह."

पंच्याच्या टोकानं वैजनाथनं उकार पुसला आणि ऱ्हस्व काढला. कस्तुराबाईनं पुन्हा बोट फिरवलं. "हाव, आता हाय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. वैजनाथही रडला. इतक्या वर्षांत आईच्या देखत तो पहिल्यांदाच रडत होता. वीरण्णा हत्यारं गोळा करत पाठमोरे उभे राहिले.

लातूरला परत आल्यावर दोन दिवसांनी तो कॅफेत गेला. हेन्रिकला लिहिलं, की त्या शब्दाला हात लावायचा नाही, फक्त त्याच्याखाली एक ओळ घालू: ही स्पेलिंग कोशाप्रमाणं चुकीची आहे, पण या सेटिंगचं नाव हेच आहे, तेव्हा असंच लिहा. मग दुरुस्त्या पाठवणाऱ्यांसाठी त्यानं एक पान लिहिलं. शब्द सुधारण्याआधी तो साधा शब्द आहे की कुणाचं, कशाचं नाव आहे ते बघा. नाव असेल तर आधी प्रोग्रामला विचारा. नमुना स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पाठवू नका. "मी हे केलं नव्हतं," असंही त्यात स्पष्ट लिहिलं. हेन्रिकनं कानामात्राही न बदलता ते पान पुस्तिकेत घातलं.

वैजनाथ क्लासमध्येच राहिला. पुढं त्याचं लग्न झालं, घरी इंटरनेट आलं, कॅफे बंद पडलं. सरांच्या क्लासच्या तीन शाखा झाल्या आणि प्रूफं वाचायला त्याच्या हाताखाली दोघी जणी आल्या. हेन्रिकनं वयोमानानं काम कमी केलं तेव्हा पुस्तिकेच्या दुरुस्त्या तपासायचं काम त्यानं वैजनाथकडं सोपवलं.

पहिली मेल पेरू देशातल्या एका शाळामास्तरची होती. त्यानं मोठ्या उत्साहानं चुकांची लांबलचक यादी पाठवली होती. त्यातल्या बऱ्याचशा चुका नव्हत्याच. वैजनाथनं चहाचा कप बाजूला ठेवला, पट्टी घेतली आणि पहिल्या ओळीपासून, प्रत्येकीसमोर कारण लिहीत, उत्तर द्यायला सुरुवात केली.